आधी स्टार्टर, मग मोटार!

'भावा, सत्तर हजारांत कुठलं कार्ड बसंल?'

करकंबच्या स्टँडवर पंढरपूरच्या एसटीची वाट बघताना हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की आता प्रश्न संपायच्या आधीच मी मोबाइलसाठी हात पुढे करतो. मोबाइलमध्ये लिस्ट तयारच असते. पहिल्या ओळीत ग्राफिक्स कार्ड, दुसऱ्या ओळीत प्रोसेसर, मग रॅम, एसएसडी, लाइटवालं कॅबिनेट. आणि सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांत : 'एसएमपीएस - कोणताही चालेल.'

माझं म्हणणं सरळ आहे. ही लिस्ट खालून वर वाचा. घरी गेमिंग पीसी जोडायचा असेल, आणि घर करकंबसारख्या गावात असेल, तर कार्ड सगळ्यात शेवटी निवडा. आधी भिंतीतला प्लग बघा.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. बारावीनंतर मी पहिला पीसी जोडला, तेव्हा माझीही लिस्ट अशीच होती. उसाच्या बिलाचा हप्ता जमा झाला होता, त्यातले पैसे आप्पांनी काढून दिले. मी जवळपास निम्मे कार्डात घातले. कॅबिनेट दिसायला झकास, समोर काच, आत रंगीत लाइट आणि सोबत एसएमपीएस 'फ्री'. दुकानदार म्हणाला ४५० वॉटचा आहे, मी मान डोलावली. आठ महिने पीसी मस्त चालला. मग मे महिन्यातल्या एका संध्याकाळी लाइट गेली, दहा मिनिटांनी आली, लगेच गेली, परत आली. टेबलाखालून 'फट' असा आवाज झाला आणि खोलीभर जळका वास सुटला. एसएमपीएस गेला तो गेलाच, जाताना मदरबोर्ड आणि एसएसडी सोबत घेऊन गेला. एसएसडीत ताईचा एमएस्सीचा प्रोजेक्ट होता. महागडं कार्ड तेवढं वाचलं, पण ते बसवायला बोर्डच राहिला नव्हता.

आप्पा रागावले नाहीत. उघड्या कॅबिनेटकडे बघत एवढंच म्हणाले, 'विहिरीवरच्या मोटारीला स्टार्टर बसवतो न्हवं आपण? मग ह्याला काय बसवलं हुतंस?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे, म्हणून हा लेख.

बघा ना, पार्ट निवडणं आपल्या घरात नवीन आहे का? मोटार घ्यायला गेलेला कुठलाही शेतकरी दुकानात 'सगळ्यात मोठी द्या' असं म्हणत नाही. पाणी किती खोल आहे, पाइप किती इंची, केबल किती लांब टाकायची, डीपीवर लोड किती, हे तो आधी बघतो. मग किती एचपीची मोटार ते ठरतं. स्टार्टर, ओव्हरलोड रिले, एखादा फेज गेला तर मोटार बंद पाडणारा प्रिव्हेंटर, यात तो काटकसर करत नाही. कारण मोटार जळाली की रिवायंडिंगचा खर्च आणि वाळणारा ऊस, दोन्ही एकदम अंगावर येतात. आपण मात्र त्याच घरात बसून, तीच लाइट वापरून, व्हिडिओ बघून कार्ड निवडतो. यूट्यूबवरचे बिल्ड खोटे नसतात. पण ते एसीच्या खोलीत, नीट अर्थिंग असलेल्या, स्थिर व्होल्टेजच्या प्लगवर जोडलेले असतात. आपली खोली त्या व्हिडिओत नसते.

भिंतीपासून सुरुवात

पहिला पार्ट विकत घेण्याआधी गावातल्या वायरमनला घरी बोलवा. त्याच्याकडून दोन गोष्टी तपासून घ्या. एक, प्लगला अर्थिंग आहे का. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, हा अनुभव अनेकांना आहे आणि 'पीसीला करंट येतो' म्हणून आपण तो हसण्यावारी नेतो. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून किंचित करंट पत्र्यावर येतो आणि अर्थिंगच्या वायरने जमिनीत जायला हवा. अर्थिंग नसेल तर तो तुमच्या बोटाची वाट बघत बसतो. मीटरवर फेज आणि अर्थिंगमध्ये २३०च्या आसपास आणि न्यूट्रल व अर्थिंगमध्ये जवळपास शून्य व्होल्ट दिसले पाहिजेत. मीठ-कोळशाच्या जुन्या खड्ड्याला उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं, हे घरातल्या मोठ्या माणसांना माहीत असतं. आणि तीन पिनचा प्लग दोन पिनच्या अडॅप्टरमध्ये खुपसणं आजपासून बंद.

दुसरं, संध्याकाळी व्होल्टेज किती मिळतं. दुपारी २३० दाखवणारा मीटर शेजारच्या मोटारी सुरू झाल्यावर कितीवर येतो, ते दोन-तीन दिवस वहीत लिहा. ही वही कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा जास्त कामाची आहे. व्होल्टेज वरखाली होत असेल, तर ते सांभाळून घेणारा, म्हणजे एव्हीआर असलेला यूपीएस घ्यायचा.

यूपीएसचा हिशोब सोपा आहे, पण लेबल फसवतं. '६०० व्हीए' म्हणजे ६०० वॉट नव्हे. या वर्गातले बरेच यूपीएस साधारण ३६० वॉट देतात. आता आपल्या पीसीचं बघू. रायझन ५ ५६०० सारखा प्रोसेसर जोरात चालला तर ७५-८० वॉट, आरएक्स ६६०० सारखं कार्ड १३२ वॉट, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून चाळीस-पन्नास. झाले अडीचशेच्या वर. एसएमपीएसमध्ये थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते, म्हणून भिंतीतून तीनशेच्या आसपास घेतले जातात. मॉनिटरचे पंचवीस-तीस धरा. ६०० व्हीएचा यूपीएस इथंच काठावर आला. हजार-अकराशे व्हीएचा घेतला, तर साधारण ६०० वॉट मिळतात आणि तो निवांत चालतो. आणि हो, यूपीएस मॅच पूर्ण करायला नसतो. गेम सेव्ह करून पीसी नीट बंद करायला जी पाच-दहा मिनिटं लागतात, त्यासाठी तो असतो.

घरात इन्व्हर्टर आहेच, त्यावरच चालवू, असं म्हणणाऱ्यांनी तो कोणत्या प्रकारचा आहे ते बघावं. पंखा-ट्यूब चालवणाऱ्या स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चांगले एसएमपीएसही कुरकुरतात, कधी लाइट गेल्या क्षणी पीसी बंद पडतो. प्युअर साइन वेव्ह असेल तर हरकत नाही. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या, तर मात्र यूपीएसच्या भरवशावर राहू नका. प्लगही काढा आणि इंटरनेटची केबलही.

स्टिकर वाचायला शिका

एसएमपीएस हा पीसीचा स्टार्टर. त्याच्यावरचा मोठ्या अक्षरातला वॉटचा आकडा सोडून द्या, बाजूचा बारीक अक्षरातला तक्ता वाचा. प्रोसेसर आणि कार्ड हे दोन्ही खादाड १२ व्होल्टच्या लाइनवर जगतात. त्या लाइनवर किती अँपिअर मिळतात ते बघा आणि १२ने गुणा. ४५ अँपिअर असतील तर ५४० वॉट झाले, म्हणजे ५५० वॉटचा दावा खरा. माझ्या त्या जळालेल्या 'फ्री' डब्यावर १६ अँपिअर लिहिलं होतं. १६ गुणिले १२ म्हणजे १९२ वॉट. ४५० हा आकडा नुसता रंगवलेला होता. हा गुणाकार मला सातवीतही आला असता, पण मी तेव्हा लाइटचे रंग बघत होतो.

'८० प्लस ब्रॉन्झ' हे लेबल असलेला एसएमपीएस निम्म्या लोडवर साधारण ८५ टक्के वीज कामाला लावतो. पण हे लेबल वीज किती वाचते एवढंच सांगतं. संकटात तो स्वतःला बंद करतो का, हे वेगळं तपासावं लागतं. व्होल्टेज चढलं, लोड वाढला, शॉर्ट झालं तर बंद होण्याची सोय आहे असं कंपनीने लिहून दिलेलं असावं. इनपुट '१०० ते २४०' व्होल्ट असेल तर उत्तम, कारण संध्याकाळचं पडलेलं व्होल्टेज तो पचवतो. वर सांगितलेल्या पीसीला चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा एसएमपीएस भरपूर झाला. उद्या कार्ड बदललं, बोर्ड बदलला, तरी तो तसाच कामाला येतो.

चाळिशीतला कॅबिनेट

एप्रिल-मेमध्ये सोलापूर जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या खोलीत तर विचारायलाच नको. व्हिडिओवाल्याच्या २४ डिग्रीच्या खोलीत जे कार्ड ७० डिग्रीवर राहतं, ते आपल्या ४० डिग्रीच्या खोलीत ८५च्या पुढं जाणार. यात कार्डाचा दोष नाही. पंखा आत फेकतो ती हवाच तापलेली आहे. एका मर्यादेनंतर प्रोसेसर आणि कार्ड स्वतःला वाचवायला वेग कमी करतात. म्हणजे महाग कार्ड घेऊन काचेच्या बंद पेटीत कोंडलं, तर पैसे दिले एका वेगाचे आणि मिळाला दुसराच.

म्हणून कॅबिनेट घेताना पुढून जाळी असलेलं घ्या. समोर दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर फेकणारा. पुढच्या जाळीला काढून धुता येईल असा फिल्टर हवाच. उसाच्या हंगामात रस्त्याला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली, की टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ बसते, तीच आतही जाते. महिन्यातून एकदा फिल्टर धुवा आणि मऊ ब्रशने आतलं झाडा. ब्लोअर मारणार असाल तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, हवेच्या झोताने ती भलत्या वेगाने फिरून खराब होतात. रंगीत लाइटला माझा विरोध नाही, पण लाइट आणि जाळी यातलं एकच परवडत असेल तर जाळी घ्या.

मग प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम

आता लिस्टच्या वरच्या भागात येऊ. इथं प्रश्न 'सगळ्यात फास्ट कोणता' हा नाही. 'तीन वर्षांनी यात काय बदलता येईल' हा आहे. एएमडीचं एएम४ सॉकेट २०१६-१७ मध्ये आलं आणि २०२२ नंतरही त्यावर बसणारे नवे प्रोसेसर येत राहिले. ज्यांनी सुरुवातीला स्वस्त प्रोसेसर घेतला, त्यांतल्या अनेकांना नुसती बायॉस अपडेट करून चांगला प्रोसेसर बसवता आला, बोर्ड बदलावा लागला नाही. २०२२ मध्ये एएम५ आलं, त्यावर फक्त डीडीआर५ रॅम चालते. कमी पैशांत आत्ता काम भागवायचं तर एएम४, पुढं वाढवत न्यायचं तर एएम५, असा साधा हिशोब आहे. इंटेल घेणार असाल तर नावामागचा 'एफ' बघा. आय५ १२४००एफ मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, कार्ड बिघडलं तर पडद्यावर काहीच दिसणार नाही.

इथंच एक मार्ग आहे, जो मी आता सगळ्यांना सुचवतो. रायझन ५ ५६००जी सारखा, आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेऊन सुरुवात करा. व्हॅलोरंटसारखा गेम त्यावर सेटिंग कमी करून व्यवस्थित चालतो, कोडिंग आणि एडिटिंग शिकता येतं. साध्या ५६०० पेक्षा तो थोडा मागे पडतो, हे खरं. पण वाचलेल्या पैशांत एसएमपीएस आणि यूपीएस नीट येतात, आणि कार्ड पुढच्या हप्त्याला घेता येतं. एकच अट, रॅम १६ जीबीची एक कांडी न घेता ८-८च्या दोन घ्या. आतलं ग्राफिक्स तीच रॅम वापरतं आणि दोन कांड्यांमुळे त्याचा रस्ता दुपदरी होतो.

रॅमच्या भावाचं मात्र काही खरं नाही. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीमुळे २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉन कंपनीने 'क्रुशियल' हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. सोलापूरच्या मार्केट यार्डातला कांदा आणि रॅम, दोन्हींचा भाव मागच्या महिन्याच्या पावतीवरून सांगता येत नाही. लिस्ट करा, पण भाव खरेदीच्या आठवड्यातलेच धरा.

कार्ड, एकदाचं!

कार्ड ठरवतो तो मॉनिटर. फुल एचडी पडद्यावर साधारण २१ लाख ठिपके असतात, फोर-केवर ८३ लाख, म्हणजे चौपट. चोवीस इंची फुल एचडी मॉनिटरवर खेळणाऱ्याने फोर-केचं कार्ड घेणं म्हणजे परसातल्या आडावर दहा एचपीची मोटार बसवणं. आपले गेम कोणते, मॉनिटर कोणता आणि एसएमपीएसला झेपणार किती, या तीन प्रश्नांची उत्तरं लिहिली की शंभर कार्डांतली दोन-तीनच उरतात. त्यांतलं स्वस्त घ्या.

वापरलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही. २०२०-२१ मध्ये क्रिप्टो मायनिंगमुळे कार्डं मिळेनाशी झाली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने पद्धत बदलली, त्यावरचं कार्डाने होणारं मायनिंग थांबलं आणि ती कार्डं जुन्या बाजारात आली. पण बिल नाही, सिरियल नंबर खरवडलेला आहे, समोर तासभर चालवून दाखवायला नकार आहे, तर हात जोडून परत या. नवीन घेताना जीएसटीचं पक्कं बिल घ्या. 'बिलाशिवाय स्वस्त देतो' या सवलतीत तुमची वॉरंटी जाते. लॅमिंग्टन रोडला जा, पुण्याला जा, नाहीतर ऑनलाइन मागवा. बिघाड झाला तर सर्व्हिस सेंटर कोणत्या गावात आहे, हे पैसे देण्याआधी विचारा. पार्सल आलं की ते उघडतानाचा सलग व्हिडिओ काढून ठेवा.

'मग एफपीएस कमी मिळतील ना?'

मिळतील. हे मी लपवणार नाही. तेवढ्याच पैशांत मित्राने मोठं कार्ड घेतलं असेल, तर त्याच्या पडद्यावर शंभर दिसतील आणि माझ्या सत्तर. पण त्याचा पीसी मे महिन्यात दुपारी बंद ठेवावा लागतो आणि माझा चालतो. पंधरा-वीस हजार जास्तीचे असतील, तर दोन्ही घ्या, वादच नाही. नसतील, तर मी सत्तर फ्रेम आणि शांत झोप निवडतो. आणि जे शिकायला पुण्याला हॉस्टेलवर जाणार आहेत, त्यांनी पीसीच्या नादाला न लागता सरळ लॅपटॉप घ्यावा. कॅबिनेट एसटीत मांडीवर घेऊन फिरायची वस्तू नाही.

शेवटचा मुद्दा घरातला. आपल्यातले निम्मे जण 'अभ्यासाला पाहिजे' म्हणून पीसी मागतात. मीही तेच केलं होतं. त्यामुळे जळाला तेव्हा भरपाईचं सोडाच, 'कार्डावर एवढे पैसे का घातले' हे सांगायचीही सोय राहिली नव्हती. खरं सांगा. गेम खेळायचाय म्हणा, त्यासोबत काय शिकणार तेही सांगा. 'राजी' हा गेम पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला आणि २०२० मध्ये तो जगभर खेळला गेला, हे दाखवा. घरचे म्हणतील, असेम्बल केलेला कशाला, कंपनीचा घे. तेव्हा त्यांना सांगा, अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला नकार दिल्यावर पुण्यात सी-डॅक उभं राहिलं आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला, तोही बाजारात मिळणाऱ्या ट्रान्सप्युटर चिप एकमेकींना जोडून. जोडलेलं म्हणजे कमअस्सल नाही. विचार न करता जोडलेलं कमअस्सल.

दुसऱ्यांदा पीसी जोडला तेव्हा वायरमनसोबत आप्पा उभे होते. अर्थिंगची वायर किती जाडीची घ्यायची, यावर दोघांचा अर्धा तास वाद चालला. त्यांना रायझन आणि रेडिऑनमधला फरक माहीत नाही, पण कुठल्या यंत्राला काय झेपतं, हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. ताईच्या प्रोजेक्टची प्रत आता दोन ठिकाणी असते. कार्ड तेच जुनं, मी बदललेलं नाही.

तेव्हा लिस्ट तयार असेल तर मला स्टँडवर जरूर दाखवा. पण त्याआधी घरात ज्यांनी मोटार बसवलीय, त्यांना दाखवा.